कोंडीरामची व्यसनमुक्ती

ज्या गोष्टीत शिरल्यावर माणसाला वेळेचं भान राहत नाही तिला व्यसन म्हणावं, हे शास्त्र आता सर्वमान्य आहे. पिंपरीच्या एका कारखान्याने तर १९७४ साली त्यासाठी समितीच नेमली. अध्यक्ष कामगार कल्याण अधिकारी उद्धवराव. (ते स्वतः पान खात, पण पान संस्कृतीत मोडतं.)

समितीने ४१२ कामगार तपासले. तंबाखू मळणारे २८७, विडी ओढणारे ९६. पण यांतला एकही व्यसनी निघाला नाही. सुटीचा भोंगा व्हायच्या आधी वीस मिनिटं हात धुऊन तयार असणाऱ्या माणसाला वेळेचं भान नाही, असं कोण म्हणेल? समितीने व्यसनाची जी तीन कलमं ठरवली होती, त्या तिन्हींत सापडला तो एकटा कोंडीराम.

रहाटणीचा कोंडीराम लेथ यंत्राचा लोखंडी बेड, म्हणजे त्याची बैठक, स्क्रेपर नावाच्या धारदार हत्याराने खरवडून सपाट करी. डोळ्याला न दिसणारा उंचवटा त्याच्या बोटांना कळायचा. कलम एक: चहा पुढ्यात गार होतो. कलम दोन: भोंगा ऐकू येत नाही. कलम तीन: घरीही तोच नाद. तिसऱ्याचा पुरावा त्याच्या बायकोने, भिमाबाईने दिला. "घरी आले तरी ताटावरनं बोटं फिरवून बघत्यात, सपाट हाय का म्हणून," ती कौतुकाने म्हणाली. समितीने हे तक्रार म्हणून नोंदवलं.

कोंडीरामला बोलवायला उद्धवराव स्वतः गेले, तेव्हा तो बेडवर वाकलेलाच होता. "एवढा एक उंचवटा निघाला की आलोच बघा, साहेब."

"सगळे व्यसनी हेच म्हणतात, कोंडीराम," उद्धवराव मायेने म्हणाले.

उपचार म्हणून स्क्रेपर काढून घेऊन त्याला गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. पहिला महिना फार वाईट गेला. जेवण जाईना. बोटं टेबलाच्या फळीवरून फिरत राहायची. चौदा वर्षं कामात असलेल्या या हातांचं आता करायचं काय, हे त्याला खरंच कळेना, आणि ते बघून भिमाबाई चुलीपुढे रडली. (ही लक्षणं अपेक्षित असल्याचं अहवालात आहे.) शेवटी गेटवरच्या भैरूला दया आली. "घ्या राव, येळ जातो," म्हणत त्याने तंबाखूची पुडी पुढे सरकवली. तेव्हापासून सुधारणा झपाट्याने झाली.

सहा महिन्यांनी समितीने परीक्षेसाठी त्याला एका नव्या बेडपाशी आणलं. त्याने हात फिरवला. उंचवटा लागला. तो थबकला. एवढ्यात भोंगा झाला, आणि कोंडीराम हात झटकून निघून गेला. समितीने टाळ्या वाजवल्या. व्यसनमुक्तीचं प्रमाणपत्र दुसऱ्याच दिवशी दिलं. लेथ थरथरतात अशा हल्ली तक्रारी येतात, पण त्या यंत्रांबद्दल आहेत. माणसांबद्दल एकही नाही.

मोहीम आता वाचकांपर्यंत न्यायची आहे. हे वाचताना तुमचा चहा गार झाला असेल, तर फॉर्म गेटवर कोंडीरामकडे मिळेल. आणि अजून किती ओळी उरल्यात हे मधे दोन-तीनदा बघून घेतलं असेल, तर अभिनंदन. तुमच्याकडून काढून घ्यावं असं समितीला काहीच सापडलेलं नाही.