खारवलेल्या चाकाची मोहीम

श्री एकवीरा आई प्रसन्न.

शके अठराशे पंचावन्न, श्रीमुख नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, करंजे बंदरी कोळीवाड्यात जो बिकट प्रसंग गुदरला आणि आईच्या कृपेने जी फत्ते जाहली, तिचा दरोबस्त मजकूर आम्ही नीराबाई, शिवदास तांडेल यांचे कुटुंब, आपले हाताने लिहितो. आम्ही शाळेत दीड वर्ष होतो, पुढे मासळीची पाटी डोईवर आली, सबब अक्षर वाकडे आहे. ज्यास लागत नसेल त्याने चाळशी घ्यावी. हा कागद आमचे पेटीत राहील. आमचे माघारी नातवंडांनी वाचावा. शेजारच्या रंगूच्या नातवंडांनी वाचू नये.

आधी चाक म्हणजे काय ते सांगणे प्राप्त. सात वर्षांमागे खाडीत एका टोपीवाल्या साहेबाची होडी उलटली, आणि तांडेलांनी उडी टाकून साहेबास केसांस धरून वर काढिले, आणि साहेबाने खूश होऊन आपली गळाची काठी व तिजवरचे विलायती चाक तांडेलांस नजर केले. पितळी, नारळाच्या करवंटीएवढे, एके अंगास मूठ. मूठ फिरविली की दोरा गुंडाळला जाई, आणि मासा गळास लागून पळू लागला की चाकाचे पोटातला लगाम त्यास आवरून धरी, आणि चाक कर्रर्र ऐसे ओरडे. तो आवाज खडकावरून आमचे चुलीपर्यंत येई, मग आम्ही पाट्यावर वाटण घेत असू. मासा दिसण्याआधी वाटण तयार, ऐसे घर उरण तालुक्यात दुसरे नव्हते.

तीन वर्षांमागे तांडेल मुंबईस गोदीच्या लाँचेवर नोकरीस गेले. जातेसमयी चाक आमचे स्वाधीन करून बोलले, "नीरे, तुज्या हातचं कंदी काय नासलं न्हाय. हे जप." ही गोष्ट खरी. गावातल्या बायका माहेरी जाताना सोन्याचे डाग आमचेकडे ठेवून जातात, आणि परत येऊन वजन करीत नाहीत. मग नासू नये ऐशी वस्तू कोठे ठेवावी? आमचे घरची सुरमई मिठात वर्ष वर्ष राहते आणि काल कापल्यासारखी निघते. सबब आम्ही चाक फडक्यात बांधून मिठाच्या रांजणात तळाशी ठेविले, वर मीठ घालून हाताने चांगले दाबिले आणि वर धोंडा ठेविला. यात आमची कसूर नाही. दगा मिठाने केला.

तो गुरुवारी टपाल आले. चिरंजीव चंदर याने वाचून दाखविले की, नोकरी संपली, मंगळवारी सकाळचे लाँचेने मोरा बंदरी उतरतो, आणि जेवणाआधी चाक घेऊन खडकावर जातो, तीन वर्षे तेवढे एकच मनात आहे. ऐकून आम्ही रांजण उपसिला. फडके उघडिले. आत चाक नव्हते, हिरवे-पांढरे ढेकूळ होते. मूठ हलेना, स्क्रू दिसेना, दोरा हातात येताच त्याचा भुगा जाहला. सूनबाई केसर पदर तोंडास लावून म्हणाली, "आत्याबाय, हे तं पार खारलं!" आम्ही तिजकडे असे पाहिले की ती मीठ भरावयास बसली.

प्रसंग कठीण. चाक गेले तर तांडेलांचे मन जाते, आणि नीराबाईचे हाती ठेविले ते नासते, ही बातमी रंगूचे तोंडून मोऱ्यापर्यंत जाते. सबब दार लावून मसलत केली आणि हुकूम सोडिला की, मंगळवारपर्यंत ही गोष्ट उंबऱ्याबाहेर गेल्यास नेणाऱ्याने बाहेरच जेवावे.

प्रथम चंदर हातोडा घेऊन पुढे सरसावला. त्यास कानास धरून पिछाडीस पाठविला. मग त्यासच जासूद करून, चाक पाटीत सुक्या जवळ्याखाली लपवून, उरण पेठेस रावजी घड्याळजीकडे रवाना केला. रावजीने डोळ्यास भिंग लावून पाहिले आणि निकाल दिला की, आतले कातडी लगाम मेले असतील, विलायतेहून मागवावे लागतील, सहा महिने थांबा. आमचेजवळ दिवस चार. आणि वर विचारिले म्हणे, "हे काय लोणच्यात घातलं व्हतं?" रावजीचे घरी तेव्हापासून आम्ही मासळी देत नाही.

शुक्रवारी खासा आम्ही मोर्चे लाविले. जे मिठाने बांधिले ते गोड्या पाण्यानेच सुटेल, हे आम्हांस खारी मासळी भिजवून ठाऊक. सबब चाक ऊन पाण्याचे घंगाळात बुडविले, आणि पाणी खारट जाहले की ओतावे आणि नवे घ्यावे, ऐसे अकरा वेळा केले. केसरने विहिरीच्या इतक्या खेपा केल्या की विहिरीवर बायकांनी विचारिले, घरात बाळंतीण कोण? मग चिंच आणि राख घेऊन पितळेवर तुटून पडलो. तांब्या-घागरी घासून ज्या हातांची साले गेली, त्यांपुढे विलायती पितळ काय टिकते? शनिवारी दुपारी हिरवा गनीम मोडिला आणि सोन्यासारखे अंग बाहेर आले.

परंतु पाच स्क्रू किल्ला धरून बसले. त्यांस घासलेट पाजिले आणि रात्रभर तैसेच ठेविले, मग आमचे कमरेचा जुना ढब्बू पैसा खाचेत घालून जोर लाविला. चार शरण आले. पाचवा येईना, तेव्हा त्यास तांडेलांचे वडिलांपासून सर्व पूर्वजांची नावे घेऊन शिव्या दिल्या, तेव्हा आला.

आत पाहतो तो चक्रे, चकत्या, पाती, एकावर एक. परत लावावयाची कशी? येथे केसरने अक्कल दाखविली, ती लिहिणे भाग आहे. जो भाग निघे तो ती दोरीत ओवी, बोंबील वाळत घालतात तैसा, एकामागे एक, म्हणजे शेवटचा आधी लावीत यावे, चूक होणे नाही. आम्ही तिला शाबास म्हटले नाही, परंतु त्या दिवशी तिचे पानात तुकडा मोठा घातला.

लगामाच्या तीन कातडी चकत्या पापडासारख्या मोडल्या. हेच ते विलायती, सहा महिन्यांचे. आम्ही माळ्यावर पाहिले. तेथे पाकट मासळीचे वाळके कातडे होते, ज्याने आम्ही वल्ह्यांच्या मुठी घासतो. पाण्यात कुजत नाही, मिठास भीत नाही, आणि पकड ऐशी की बोटाची कातडी घेऊन जाते. मेलेल्या चकत्यांच्या मापाने विळीवर तीन कापिल्या, तापल्या खिळ्याने भोके पाडिली, आणि मुशी मासळीच्या तेलात मुरत ठेविल्या. होडीस जे तेल चालते ते चाकास का न चालावे?

तेलाचा वास उठला आणि कोळीवाड्यातल्या दरोबस्त मांजरांनी आमचे घरास वेढा दिला. कौलांवर, ओटीवर, जाळ्यांचे ढिगावर, मांजर ठेवावयास जागा नाही. ते पाहून रंगू दारी आली.

"नीरे गो, मुशी कापलीस न् शेजारी वाटा न्हाय? दार कशाला लावलंस?"

"अंगात ताप हाय."

"तुज्या का मांजरांच्या?"

आम्ही कडीस अडसर लाविला. भिंतीआडून तिची चुगली ऐकू येत होती, तिच्यापेक्षा मांजरांचे ओरडणे बरे वाटले.

सोमवारी चाक जोडिले. दोरी उलटी सोडीत गेलो, अखेरीस दोरीवर काही उरले नाही, आणि नवा दोरा भरिला. मूठ लोण्यासारखी फिरे, लगाम ओढून धरी. परंतु चाक ओरडेना. पोटातली ओरडणारी जीभ खाऱ्याने आखडली होती. तेल दिले, ऊब दिली, आईस नारळ बोलिलो. मुकेच.

मंगळवारी तांडेल आले. दाढी पांढरी, बाकी तेच. चाक हाती घेतले, उलटे पालटे केले, मूठ फिरविली, आणि कान लावून विचारिले, "हे बोलत का न्हाय गो?"

आम्ही सांगितले, "तीन वर्सांत तुमी तरी कितीदा बोललात?"

ते हसून काठी घेऊन खडकावर गेले. आम्ही गेलो नाही. पाट्यावर खोबरे, मिरच्या, आले, सर्व मांडून बसलो. वाटण मात्र घेतले नाही. मासा येण्याआधी वाटावे ते चाकाच्या हुकमाने, आपल्या मनाने नव्हे. ऊन अंगणातून ओटीवर आले. रंगू येऊन उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "खोबरं सुकलं गो नीरे. तुजा न्हवरा खडकाव उभा हाय, चाक काय गात न्हाय." तिचे तोंडाशी आमचा हात जाणार, इतक्यात खडकाकडून कर्र ऐसा एकदाच आवाज आला, आणि बंद पडला, आणि मग कर्रर्रर्र ऐसे चाक जे सुटले ते थांबेना. माशाचे ओढीने जीभ सुटली होती. आम्ही वरवंटा धरिला आणि ऐसे वाटण वाटिले की खोबरे उडून रंगूच्या लुगड्यावर गेले. मुद्दाम नव्हे.

तांडेल घोळ मासा घेऊन आले, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. चारचौघांत म्हणाले की, लगाम ऐसा साहेबाचे वेळीही लागत नसे. रंगू ऐकत होती, आम्ही पाहिले. मग माणसे गेल्यावर ते ओटीवर बसून चाक पुसू लागले. मुठीच्या फटीतून नखाने काही काढिले, पांढरा खडा, ज्वारीच्या दाण्याएवढा. जिभेवर ठेविला. आमचेकडे पाहिले. आम्ही चुलीकडे पाहिले.

मग त्यांनी बंडीच्या खिशातून घड्याळ काढिले, लाँचेच्या साहेबाने निरोपाचे दिलेले, आणि आमचे हाती ठेवून म्हणाले, "हे बी तूच जप."

येणेप्रमाणे चाक फत्ते जाहले, तांडेल घरी आले, आणि आमचे नाव होते तेथेच राहिले. घड्याळ तांदळाचे कणगीत ठेविले आहे. मिठात ठेविलेले नाही, हे पुढे शोधणाऱ्यांस ठाऊक असावे.