कोरड्या तलावातली जेट-स्की

पिंपळखडीच्या पाझर तलावात सात वर्षं पाण्याचा थेंब नव्हता, आणि सोनाक्का विरकरांची जेट-स्की त्यात झकास चालायची. फेरी मारायला चार गावची माणसं यायची. पण कुणाचं बरं चाललं की कुणाच्या तरी पोटात दुखणारच. इथं ते अक्कांच्या धाकट्या दिराच्या, शिवाबांच्या पोटात दुखलं. वहिनी पाण्यावाचून जलवाहन चालवते, तिचा परवाना रद्द करा, अशी त्यांनी तक्रार ठोकली. परवाना गेला की अक्कांच्या नशिबी पुन्हा लोकांच्या रानातली खुरपणी होती.

तपासणीला समुद्रकिनाऱ्यावरच्या बंदर खात्यातून सावर्डेकर साहेब आले. त्यांनी लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून पाहिले, शिट्टी वाजवायला लावली. पडलं तर इंजिन बंद करणारी दोरी अक्कांच्या मनगटाला होती, तीही बघितली. अंधार पडल्यावर चालवता का, असं विचारलं. अक्का नाही म्हणाल्या. पाणी असलंच पाहिजे, असं मात्र नियमांत कुठं निघेना.

"अहो, पण यात पाणी कुठाय?" म्हणत शिवाबा तावातावानं तलावात उतरले. भावजी, जॅकेट घाला, असं अक्कांनी दोनदा बजावलं. ऐकतील ते शिवाबा कसले! मधल्या बाभळीपाशी पोचले आणि गटांगळ्या खाऊ लागले.

अक्कांच्या मनात राग होताच, पण माणूस घरचा. त्यांनी जेट-स्की सुसाट सोडली. काठावरचे लोक अजून जोरात म्हणून ओरडत होते, तरी बुडणारा जवळ येताच त्यांनी वेग उतरवला, दोरी ओढून इंजिन बंद केलं आणि शिवाबांना बखोटीला धरून वर घेतलं. साहेब एकटक बघत होते.

काठावर पोट दाबलं तेव्हा शिवाबांच्या तोंडातून ओंजळभर धूळ निघाली. मग त्यांनी डोळे उघडले.

साहेबांनी जागच्या जागी परवाना कायम केला. "एकच अट," ते म्हणाले. "पाऊस पडून तलाव भरला, तर गाडी आत घालायची नाही. उगाच जोखीम नको."

"एवढं कळतं मला, साहेब."

हलगी कडाडली. अक्कांनी पदर खोचला आणि मानाची फेरी काढली. मागच्या सीटवर जॅकेटचे सगळे पट्टे आवळून शिवाबा बसले होते.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "खोलात नको बरं का."