वहिवाट चालू हाय

आमच्या येडगावातले किसनभाऊजी रोज सकाळी दुसऱ्यांच्या वाटा चालून येतात. फिरायला नव्हे हं. फिरणं हा त्यांच्या लेखी पुण्यातल्या पेन्शनवाल्यांचा उद्योग. हे काठी घेऊन निघतात, शिवारातल्या जुन्या वाटा एकेक करून तुडवतात आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला काठी आपटून म्हणतात, "वहिवाट चालू हाय." कुणाला सांगतात, कोण जाणे. बगळे तेवढे उडतात.

त्यांचं म्हणणं असं, की वाट नुसती कागदावर असून भागत नाही, पायाखाली पाहिजे. "सहा म्हैने कुनी गेलं न्हाई की वाटंवर गवात येतं, वैनी. गवात आलं की नांगर येतो. नांगर आला की वकील येतो."

वकिलाचं त्यांना ठाऊक असणारच. आमच्या विहिरीकडं जायची वाट त्यांच्या रानातून जाते, आणि तिच्यावरून ते आणि आमचे मालक अकरा वर्षं भांडले. वाटेत काटे टाकून झाले. शेवटी तहसीलदार पाहणीला आले, तर भाऊजी म्हणाले, "साहेब, टेप ढिली धरू नका, माझा कांदा जातुय." निकाल आमच्या बाजूनं लागला. बांधालगत आठ फूट वाट. भाऊजींनी तो तीनदा वाचून घेतला, घडी करून टोपीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या हातानं काटे उचलले. "हुकूम म्हंजी हुकूम." तेव्हापासून त्या आठ फुटांत त्यांनी कांद्याची पात उगवू दिली नाही. आणि आमची बैलगाडी नवव्या फुटाला शिवली, की हाक आलीच.

पुढं मालक गेले, मुलं चाकणला गेली. त्या वाटेनं मी एकटीच जायची. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कळंबला लेकीकडं सात महिने राहिले. तिथं पडल्या पडल्या एकच घोर. भाऊजींच्या मुलानं नवा ट्रॅक्टर घेतलेला. वाट गेली, की विहीर असून नसल्यासारखी.

परत आले ती आधी रानात गेले. वाट होती. दोन्हीकडं हिरवागार कांदा आणि मधे पांढरीफटक, चालून चालून गुळगुळीत झालेली. पावलांशेजारी काठीची गोल भोकं.

भाऊजींचा मुलगा पाणी धरत होता. म्हणाला, "बाबा रोज तुमच्या हिरीपातुर जात्यात, काकू. मी म्हनलं, रान आपलंच हाय, फिरवू का ट्रॅक्टर? तर वाटंत मांडी घालून बसले."

इतक्या वर्षांत असा माणूस पाहिला नाही. भाऊजींना गाठून विचारलं, "स्वतःच्या रानात माझी वहिवाट चालवली तुम्ही?"

"मंग? तुमी माघारी कुठनं येनार व्हता?" मग कांद्याकडं बघत हळूच म्हणाले, "ह्या अंगाला आता दुसरं कुनी येत न्हाई, वैनी."

दुसऱ्या दिवशी मी काठी टेकत निघाले. अर्ध्या वाटेत मुद्दाम एक पाय त्यांच्या कांद्यात टाकला.

"वैनी, आठ फूटच हाय," पलीकडून हाक आली, आणि मागोमाग भाऊजी भांडायला तरातरा निघाले.

मी बांधावर बसले आणि थर्मासमधून दोन कप चहा ओतला.