न पडणारी मिशी

कॅप्टनच्या घरात साबणाच्या तीन डब्या होत्या. एकीत साबण, दुसरीत मिशी आणि तिसरीत कल्ले. एकदा घाईत आंघोळीला शिरलेल्या मामाने अंगाला कल्ले चोळून घेतले, तेव्हापासून आईने डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या.

कॅप्टन सोमवार ते शनिवार चष्म्याच्या दुकानात लोकांना फ्रेमा दाखवायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी मात्र ती छाती पट्ट्याने सपाट करून, मिशी-कल्ले चिकटवून, सोनेरी बटणांचा कोट चढवायची आणि रंगमंचावर ‘कॅप्टन’ नावाचा पुरुष होऊन गायची. अशा कलाकारांना ड्रॅग किंग म्हणतात. आई त्यांना सरसकट ‘आमचे बाप्ये’ म्हणायची. तिने जन्मभर शाळांचे गणवेश शिवले होते. निवृत्तीनंतर हा कोट हाती आला आणि तिचा सगळा जीव त्यात अडकला. पट्टा चार तासांच्या वर घालायचा नाही. काढला की हात वर करून दहा मोठे श्वास घ्यायचे. कोट उलटा करून सावलीत टांगायचा. घशाला वाफ. नवा गोंद आणला तर आधी कानामागे थेंबभर लावून एक दिवस थांबायचं. हे नियम कॅप्टनला झोपेतसुद्धा म्हणता आले असते.

ती ते सगळे पाळायची आणि तरी तिची मिशी पडायची.

घामच इतका यायचा की गोंदाचं पाणी व्हायचं. मागच्या महिन्यात तर प्रेमगीताच्या ऐन शेवटच्या ओळीला मिशी सुटली आणि पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या सरबतात जाऊन बसली. लोक पोट धरून हसले. कॅप्टनला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आणि तिकडे तो दुसरा बाप्या, नवाब. म्हणजे ती. एरवी बालवर्गाची बाई, चिमणीएवढ्या आवाजात बोलणारी. पण मिशी लावली की असा काही रुबाब चढायचा, की सभागृहाच्या मॅनेजरबाई स्वतः दार उघडून धरायच्या. नवाबाची मिशी कधी हललीसुद्धा नव्हती. म्हणून शेवटचं गाणं, म्हणजे कार्यक्रमातला सगळ्यात मोठा मान, दर वेळी नवाबाकडे. कॅप्टनला ते शेवटचं गाणं हवं होतं. दोन वर्षं हवं होतं. त्या विचाराने तिला जेवण गोड लागत नव्हतं.

त्यात घरचा भेदी म्हणजे आई.

“तिच्या विजारीची घडी बघितलीस? ब्रेड कापावा तिने,” आई म्हणायची.

“मुलगी मी आहे की ती?”

“तू आहेस. म्हणून तर तुला सांगावं लागतं.”

या रविवारी कॅप्टनने ठरवलं, नवाबाचं गुपित शोधायचंच. कपडे बदलायच्या खोलीत नवाबाची लाकडी पेटी उघडी होती. कप्प्याकप्प्यांत ब्रश, कापूस, छोटा कंगवा, सगळं कसं वर्गात बसवल्यासारखं. आणि कोपऱ्यात एक तपकिरी बाटली, चिठ्ठी नसलेली. चिठ्ठी नाही म्हणजे गुपित आहे, असं कॅप्टनने लगेच ताडलं. नवाब हात धुवायला गेली होती. कॅप्टनने बाटली उचलली, बोटभर ओठावर फासलं, बोटभर गालांवर. कानामागे लावून एक दिवस थांबायचा नियम त्या घटकेला डोक्यात आलाच नाही. खात्रीसाठी वरून आपला नेहमीचा गोंदही थापला आणि मिशी-कल्ले चिकटवले. तेवढ्यात पावलं वाजली. ती दचकली, बाटली आडवी झाली आणि उरलंसुरलं सगळं फरशीवर. कॅप्टनने आपल्याच टॉवेलने ते पुसलं, रिकामी बाटली जागेवर उभी केली आणि शिट्टी वाजवत आरशात बघू लागली.

ते गोंद नव्हतं. गोंद सोडवायचं तेल होतं.

पहिल्या कडव्याला मिशी डाव्या गालाकडे निघाली. कॅप्टनने पीळ दिल्यासारखं करून ती मधे आणली. तोवर उजवा कल्ला हनुवटीपर्यंत उतरून दाढी झाला होता. डावा मानेवरून कॉलरमध्ये शिरला. गुदगुल्या झाल्या, ती ‘जीव जडला’ म्हणता म्हणता फिस्सकन हसली आणि मिशी सुळकन कपाळावर जाऊन तिसरी भुवई झाली, कारण तिने घाबरून हातानेच वर ढकलली होती. लोक खुर्च्यांवरून घसरत होते. आई पहिल्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसली होती, आणि कोटावरचा तेलाचा डाग दिसताच तिने पदर डोळ्यांवर ओढला.

नंतर नवाब गायली. मिशी जागच्या जागी.

सोमवारी सकाळी सहाला बेल वाजली. दारात गळ्यापासून नाकापर्यंत मफलर गुंडाळलेली बालवर्गाची बाई उभी होती. मफलर खाली केला. मिशी.

“काकू, निघतच नाहीये. माझं तेल कुणीतरी सांडलं. माझा गोंद दवाखान्यातला आहे, जखमेची पट्टी चिकटवायचा. साबण, गरम पाणी, सगळं करून झालं. आठ वाजता शाळा आहे. पस्तीस मुलं आहेत.”

“ओढलीस ना?” आई म्हणाली. “ओठ बघ, भाजल्यासारखा झालाय. बस इथे. स्वयंपाकाच्या तेलानेसुद्धा निघतं, पण धीर हवा.”

आईने तेलात बुडवलेला कापूस तिच्या ओठावर ठेवला, दहा मिनिटं बोलायचं नाही म्हणून बजावलं आणि कोटाचा डाग काढायला मागे गेली. कॅप्टन समोर बसून राहिली. चोरी पचली होती, पण घशाखाली उतरत नव्हती.

“बाटली मी सांडली,” ती शेवटी म्हणाली. “मला वाटलं गोंद आहे. तुझ्यासारखी मिशी हवी होती.”

नवाबाने कापूस बोटाने दाबून धरला. मग तिने आईची आज्ञा मोडली.

“मी दर वेळी पडद्याआड उभी राहून तुझी मिशी पडायची वाट बघते.”

“ठाऊक होतं मला.”

“तसं नाही गं. तुझी पडली की लोक हसतात. माझ्यासाठी टाळ्या वाजवतात, बक्षीस-समारंभात वाजवतात तशा. ओठ हलू नये म्हणून मी गाण्यात हसतसुद्धा नाही. घरी जाऊन उशीत तोंड खुपसते, आणि तूच आठवतेस. इतका राग येतो तुझा.”

कॅप्टनला आयुष्यात इतकं गोड कुणी बोललं नव्हतं. मिशी निघाली, बाई शाळेत वेळेवर पोचली, आणि जाताना कॅप्टनने मोठ्या मनाने आपल्या भिकार गोंदाची अर्धी बाटली तिला ओतून दिली.

दुपारी मॅनेजरबाईंचा फोन आला. पुढच्या वेळी शेवटचं गाणं कॅप्टनचं. “एकच अट,” त्या म्हणाल्या, “मिशी पडली पाहिजे. लोक विचारतायत.”

महिनाभर कॅप्टनने तालीम केली. कुठल्या ओळीला पाडायची, पडल्यावर कुठे बघायचं, सगळं ठरलं. आईला थंडीचं निमित्त सांगून जाडा कोट काढून घेतला, म्हणजे घाम भरपूर यावा. कार्यक्रमाच्या दिवशी तिने नेहमीच्या बाटलीतला गोंद लावला. वास जरा वेगळा वाटला, पण तिचं लक्ष नवाबाकडे होतं.

नवाबाची मिशी दुसऱ्या कडव्यालाच सुटली आणि खांद्यावर बसली. नवाबाने मिशीकडे बघितलं, आणि बालवर्गाच्या आवाजात, बोट उगारून, तिला जागेवर जाऊन बसायला सांगितलं. सभागृह हशाने कोसळलं. आई हसून हसून बाजूच्या बाईंच्या मांडीवर पडली.

मग कॅप्टनचं शेवटचं गाणं. ठरल्या ओळीला ती हसली. काही नाही. नाक फेंदारलं, गाल फुगवले, दोन उड्या मारल्या. पाठीवरून घामाचे ओघळ वाहत होते. मिशी भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखी. गाणं संपलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. बक्षीस-समारंभात वाजवतात तशा.

पडद्याआड नवाबाने तिला कडकडून मिठी मारली. “कशी, राहिली की नाही? तू मला तुझा गोंद दिलास, मग मीपण मघाशी, तू कोट चढवत होतीस तेव्हा, तुझी बाटली माझ्या गोंदाने भरून ठेवली. गंमत म्हणून सांगितलं नाही.”

तिच्यामागून आई आली. तिने कॅप्टनची हनुवटी धरून मिशी डावीकडून बघितली, उजवीकडून बघितली आणि समाधानाने मान हलवली.

“आज पहिल्यांदा जागच्या जागी राहिली. शिकलीस एकदाची तिच्याकडून काहीतरी.”

कॅप्टनने नवाबापुढे तेलाच्या बाटलीसाठी हात पसरला. ओठ हलवून उपयोग नव्हता, हे तिला एव्हाना कळलं होतं.