धवळ्याचं आवतण

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या कळंबात बैलांचे खांदे शेकतात. खांद्याला हळद-तूप चोळायचं, पळसाच्या पानानं शेकायचं आणि बैलाच्या कानात म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमचे शेजारी रामधनकाका राठोड हे सगळं साग्रसंगीत करतात. फक्त त्यांच्याकडे बैल नाही, जुनी पांढरी अ‍ॅम्बॅसिडर आहे. तिला कान नसल्यामुळे ते आवतण खिडकीतून देतात.

गाडीचं नाव धवळ्या. "आमी लदेनीवाले," काका छाती फुगवून सांगतात, "आमच्या आज्या-पंज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला. मी पेट्रोलवर घातला, एवढाच फरक."

काका ती भाड्यानं चालवायचे. निघताना 'हिर्र', थांबताना 'होऽ होऽ'. ब्रेकवर पाय जायच्या आधी तोंड जायचं, त्यामुळे नवं गिऱ्हाईक जीव मुठीत धरून बसे. दुपारी बारा म्हणजे जोत सोडायची वेळ. एकदा पांढरकवड्याच्या रस्त्यावर त्यांनी मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाला तासभर मोहाच्या झाडाखाली बसवून ठेवलं. नवरदेवाचा बाप रडकुंडीला आला, तर काका म्हणाले, "धवळ्याले दम घेऊ द्या. नवरी काही पळून नाही जाऊन राह्यली." लग्न लागलं संध्याकाळी. तो नवरदेव आता दोन पोरांचा बाप आहे, पण काका दिसले की अजून रस्ता बदलतो.

पुढे धवळ्या कडुनिंबाखाली थांबला तो थांबलाच. सहा वर्षं झाली, तरी 'बंद पडली' म्हणायची सोय नव्हती. "बसला हाय. उठंल." रोज सकाळी काका रेडिएटरात पाणी ओतत आणि त्याला पाणी पाजणं म्हणत. पुण्याचा मुलगा फोनवर एकच पालुपद लावी : बाबा, दुरुस्त तरी करा, नाहीतर विका. खरं सांगायचं तर मी मुलाच्या बाजूचा होतो. त्या गाडीच्या डिकीत आमच्या मांजरीची तीन बाळंतपणं झाली होती.

गेल्या वर्षी अखेर काकांनी नागपूरच्या परागला होकार दिला. जुन्या गाड्या घेऊन नव्यासारख्या करणारा हा तरुण. "ये उद्या संध्याकाळी," असं सांगून काका मोकळे झाले. उद्या खांदशेकणी आहे, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. पराग दारात पोचला तेव्हा काका मडगार्डला हळद चोळून, आवतण देऊन उठत होते.

"काका, गाडी न्यायला आलो."

"आता कसा नेशीन? आवतन देल्लं ना त्याले."

"कोणाला?"

"धवळ्याले. जेवाले बलावलेल्याले कोनी इकते काय? तुमच्या नागपुरात इकत असतीन."

पराग माझ्याकडे बघू लागला. मी कडुनिंबाकडे बघू लागलो.

"तू बी ये उद्या जेवाले," काका म्हणाले. "मंग पाहू."

पराग वैतागून यवतमाळला लॉजवर गेला आणि मी काकांवर घसरलो. "विकायची नाही तर सरळ नाही म्हणा. आवतणाचं निमित्त कशाला?"

काका धोतराला हळद पुसत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, तुमची काकू गेल्यापासून पोळ्याले मी दोनच पोळ्या करतो. एक धवळ्यापुढं, एक माह्या पानात. हा बी गेला त आवतन कोनाले देऊ?"

मला माझीच लाज वाटली. भिंतीला भिंत लागून आमचं घर, आणि काकू गेल्यानंतरचे तिन्ही पोळे मी पोटभर पुरणपोळी खाऊन ताणून दिली होती.

दुसऱ्या दिवशी मी बायकोला आणि पुरणाच्या पातेल्याला घेऊन काकांकडे गेलो. पराग येईल असं वाटलं नव्हतं, पण आला. पाच पोळ्या खाल्ल्या, हात धुतले आणि बॉनेट उघडून कोपरापर्यंत आत शिरला. बऱ्याच वेळानं बाहेर आला.

"काका, इंजिन ठणठणीत आहे. उंदरांनी वायरी खाल्ल्यात आणि कार्ब्युरेटर तुंबलाय. विकू नका. मी रविवारी रविवारी येऊन इथंच करतो. फक्त जेवायला घालावं लागेल."

"घालीन ना," काका म्हणाले, आणि डोळ्यांत गेलेलं काहीतरी काढायला गाडीमागे गेले.

दिवाळीनंतर धवळ्या उठला. पहिल्या फेरीला काकांनी आम्हाला नेलं आणि बाराच्या ठोक्याला जोत सोडलं. आम्ही तासभर बाभळीखाली बसलो. त्या नवरदेवाची मला फार आठवण आली.

यंदा पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमचं दार वाजलं. उघडलं तर काका, दोन्ही हात हळदीनं पिवळे. त्यातला एक त्यांनी माझ्या धुतलेल्या सदऱ्यावर, बरोबर खांद्यावर ठेवला आणि कानाशी वाकून म्हणाले,

"मास्तर, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."