गिंकोचे नातेवाईक

इकडे या, अशा जवळ बसा. आधी बोलणी खा. बुवापाड्यापर्यंत आलात आणि माझ्या दारात न डोकावता परत गेलात, हे काही बरं केलं नाहीत. आत आला असतात तर साळवे भेटले असते.

साळवे माझे शेजारी. चाळीतल्या पोरांनी काका म्हटलं की विचारतात, "तुझा बाप माझा भाऊ का?" मलाही ताई नाही, वहिनी नाही. शेजारीणबाई. उल्हासनगरला कॉलेजच्या झाडांच्या प्रयोगशाळेत जन्मभर मदतनीस होते ना, चुकीचं नातं लावलेलं खपतच नाही. कॅम्पातल्या एका सिंधी शेठच्या दुकानापुढे कुंडीत सायकस आहे. शेठ त्याला पाम म्हणाला. झालं, साळवे अर्धा तास तिथेच. हा पाम नव्हे, गिंकोच्या नात्यातला. शेठ वैतागून म्हणाला, "साईं, पेड़ को क्या फरक पड़ता है?" हे म्हणाले, "गिंको का नज़दीक का यही बचा है."

गिंको म्हणजे चीनकडचं झाड, पंख्यासारख्या पानाचं. साळव्यांनी कधी पाहिलेलं नाही. कुणा मॅडमनी परदेशातून आणलेलं एक पान तेवढं वहीत जपलंय. सांगतात, याच्या गटात कुळ एकच आणि कुळात हा एकटा. बाकीचे सगळे कधीच संपले, त्यांचे नुसते ठसे दगडांत सापडतात.

गेल्या महिन्यात साळव्यांच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलच्या फॉर्मवर नातेवाइकाची सही हवी. बायको केव्हाच गेली, मूलबाळ नाही, भावंडं नाहीत. मी पेन घेतलं आणि नात्यापुढे 'बहीण' लिहिलं. साळव्यांनी कागदच ओढला. खोटं आहे म्हणे, खोडा. सिस्टर ताटकळलेली. मी म्हटलं, मग राहू द्या ऑपरेशन, चला घरी.

त्यांनी कागद मांडीवर ठेवला.

"गिंकोला आधी देवदाराच्या मंडळींत धरायचे," म्हणाले. "मग चूक कळली. काढला बाहेर."

"मग चुकलंच होतं ना?"

"चुकलंच. पण तेवढी वर्षं घरात तरी होता."

आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

ऑपरेशन झालं, म्हणजे पोट उघडून तसंच परत शिवलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, बहीण म्हणून. मी साळव्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनीही विचारलेलं नाही.

आता दुपारभर दार उघडं टाकून पडलेले असतात. येणारं कोणी नाही. तुम्ही या ना. झाडांचं काहीही विचारा. उत्तर लांबेल, ऐकून घ्या. पण लवकर या.