चाळीस मिनिटं हात काढू नका

काटकोनाच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय, हे आधीच सांगून ठेवतो. तरुणपणी मी नुसत्या नजरेने भिंतीचा बाक सांगायचो. एकदा तर एका लंगड्या टेबलाकडे मी असं रोखून पाहिलं, की त्याने घाबरून आपला चौथा पाय आपणच जमिनीला टेकवला! खोटं वाटतंय? विचारा त्या टेबलाच्या मालकाला. तो वारला, याला मी काय करू?

तेव्हा निवृत्त झाल्यावर स्पीकरची खोकी मी घरीच करायला घेतली, यात नवल ते काय? बाजारातली खोकी म्हणजे दाबून बसवलेला भुसा! त्यातून बासरी ऐकली तरी कुकरची शिट्टी झाल्यासारखी वाटते आणि बायको गॅस बंद करायला धावते. मला हवं होतं अस्सल सागवान. जोड असा, की मुंगीलासुद्धा आत शिरायला वाट विचारावी लागेल. आणि खिळा नाही, स्क्रू नाही. नुसता गोंद!

कोपऱ्यावरचा सुतार हसला. "काका, आतून कोपऱ्यांना पट्ट्या मारा. नुसत्या गोंदावर फळी सरकते."

"मी विचारलं तुला?"

"नाही."

"मग?"

"सरकेल तेव्हा विचाराल."

असा संताप आला! चाळीस वर्षं फळ्या कापून या माणसाला एवढीच अक्कल! मी त्याच्याकडून फळ्या मापात कापून घेतल्या आणि एक शब्द न बोलता निघून आलो. म्हणजे बोललो, पण रस्त्यावर आल्यावर.

आता सागवान आलं कुठून, ते तुम्हाला म्हणून सांगतो. ते माझ्या सासऱ्यांचं कपाट होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांचं घर रिकामं करताना मी ते हळूच एका टेम्पोत घातलं, एका मित्राच्या गोदामात नेलं आणि खोललं. लाकूड मुरायला नको? बायकोला सांगितलं, "कपाट ढब्बूने नेलं." ढब्बू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. वय वर्षं साठ, वजन एकशेदहा, पण नाव लहानपणचंच. त्याला सांगितलं, "कपाट ताईने नेलं." आणि दोघांना स्वतंत्रपणे बजावलं, की विषय काढू नका, समोरच्याला लागेल.

दोघांनी विषय काढला नाही. दोघांनी बोलणंच सोडलं! तीन वर्षं. बहीणभाऊ एकमेकांच्या घरासमोरून जाताना मान अशी वळवायचे, की मानेचा डॉक्टर बंगला बांधेल. आता यात माझा काय दोष? मी विषय काढू नका म्हणालो होतो, बोलू नका असं कुठे म्हणालो होतो?

तर खोकं जुळवायचा दिवस उजाडला आणि लक्षात आलं, की फळ्या आवळून धरायला लागणारे शिकंजे माझ्याकडे नाहीत. सुताराकडे मागायला जाणं शक्य नव्हतं, अब्रूचा प्रश्न होता. शिकंजे आणखी एकाकडेच होते. ढब्बूकडे!

मी फोन केला. "अरे, ताईने बोलावलंय तुला. येताना फूटभराचे शिकंजे आण."

"ताईने?" त्याने दोनदा विचारलं. "शिकंजे कशाला?"

"ये म्हणतोय ना!"

आणि स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं, "अगं, ढब्बू येतोय. चुकलं म्हणतो."

माझा हिशेब सरळ होता. शिकंजे दारातच घ्यायचे आणि मेहुण्याला दारातूनच वाटेला लावायचं. पण एकशेदहा किलोचा माणूस दारातून परत लावणं म्हणजे नदीला उलटं फिरवणं! तो सरळ आत आला, शिकंजे टेबलावर आदळले आणि बहिणीसमोर उभा राहिला.

"बोल," ती म्हणाली.

"तू बोल."

"मी काय बोलू? तू आलास."

"तू बोलावलंस म्हणून आलो!"

"मी? मी बोलावलं?"

आता माझं काही खरं नव्हतं. अजून दोन वाक्यं झाली असती, तर तीन वर्षांचं बिंग फुटलं असतं. मी काय करावं? मी गोंदाचा डबा उचलला आणि टेबलावर मांडून ठेवलेल्या फळ्यांच्या कडांना भराभरा गोंद फासला!

"गोंद लावलाय!" मी ओरडलो. "धरा, धरा! वाळतोय!"

घरात आग लागली असं ओरडलो असतो, तरी माणसं इतकी हलली नसती. रचना अशी होती: पाठीची फळी टेबलावर आडवी आणि तिच्यावर चार बाजूंच्या चार भिंती उभ्या. तोंड वर, उघडं. बायकोने डावी भिंत धरली, ढब्बूने उजवी. वरची आणि खालची मी दोन्ही हातांनी कवटाळली. शिकंजा लावायला गेलो, तर तो वीतभर आखूड!

"तुम्हीच फूटभर म्हणालात," ढब्बू गुरगुरला.

"फूटभर म्हणजे आतून!"

"मग बाहेरून कोण धरणार?"

"आपण! डब्यावर लिहिलंय, चाळीस मिनिटं हात काढू नका."

आणि तेवढ्यात फळी सरकली. ओला गोंद म्हणजे साबण हो, साबण! बायकोने जोर केला की माझी फळी सुळकन खाली, मी सावरली की ढब्बूची बाहेर. एक काटकोन धरावा, तर दुसरा पळतोय. "तुझी आत घे!" "आतच आहे!" "अहो, तुमची वाकडी आहे!" "माझी वाकडी? माझी?" मी छातीने एक फळी रेटली, गुडघा टेबलाला लावला, दातात टेप धरून कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजले. दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा फरक! ढब्बूने नुसता श्वास सोडला आणि फरक शून्यावर आला. "आता श्वास घेऊ नकोस!" मी म्हणालो.

त्याने गाल फुगवून धरले. चारही भिंती जागेवर. चाळीस मिनिटं अशीच निघाली असती, तर आज मी तुम्हाला ही गोष्ट सांगत बसलो नसतो.

फळ्यांना बाहेरून मी रंधा मारला होता. आरशासारख्या केल्या होत्या. आतून मारला नव्हता. स्पीकरच्या आत कोण वाकून बघतंय?

मान खाली घालून फळी धरलेला माणूस बघतो! ढब्बूची नजर समोरच्या, बहिणीने धरलेल्या फळीच्या आतल्या बाजूवर पडली आणि तिथेच थिजली. मग तो हळूहळू वाचू लागला, अक्षर लावत, पहिलीतल्या मुलासारखा.

"हा... कप्पा... ताईचा. ढब्बूने... हात लावला... तर ढब्बू गाढव."

बायकोने त्याच्या फळीकडे पाहिलं. तिथे दुसऱ्या हस्ताक्षरात, मोठ्ठं, लाल पेन्सिलीने: "ताईच गाढव."

"म्हणजे कपाट तुझ्याकडेच होतं!" तो गरजला.

"माझ्याकडे? तू नेलंस ना?"

"मी? मला तर भाऊजी म्हणाले, तू..."

"मला हे म्हणाले, तू..."

दोन माना माझ्याकडे वळल्या. सावकाश. तोफा वळतात तशा.

"अगं, लाकूड मुरत होतं," मी म्हणालो.

"ताई, हात सोडू का?" ढब्बू शांतपणे म्हणाला.

"खबरदार! सोडलास तर बाबांची फळी पडेल, चिरेल!"

"मग यांना कोण बडवणार?"

"चाळीस मिनिटं थांब."

पळावं म्हटलं, तर दोन फळ्या माझ्याच मिठीत. आणि मग सुरू झालं! डाव्या कानात बायको, उजव्या कानात मेहुणा. "तीन वर्षं! माझ्या मुलाच्या लग्नात ताई मागच्या रांगेत बसून निघून गेली!" "मी आजारी होते तेव्हा हा दाराशीसुद्धा फिरकला नाही!" "आलो होतो! दोनदा!" "मग बेल का नाही वाजवलीस, मूर्खा?" "राग आला होता!" "मलाही आला होता!" आवाज इतका स्वच्छ, इतका भरदार, की कुठल्याही खोक्यातून मी तसा ऐकलेला नाही. मध्येच बायको रडली. हात फळीवर, त्यामुळे डोळे पुसता येईनात. ढब्बूने मान पुढे करून आपला खांदा दिला, आणि फळी दीड सूत सरकली. "सरकली!" मी ओरडलो. दोघं एकदम म्हणाले, "तुम्ही गप्प बसा!"

चाळिसाव्या मिनिटाला हात सुटले. माझ्या हातांना रग लागली होती, तरी मी आधी टेप उचलला. कर्ण मोजले. हा एवढा, तोही एवढाच. केसाचासुद्धा फरक नाही! आयुष्यात पहिल्यांदाच, अगदी खरं सांगतो, पहिल्यांदाच माझ्या हातून अस्सल काटकोन झाला होता.

"आता पुढच्या फळीला गोल भोक पाडलं, की..."

"बाबांच्या कपाटाला भोक?" बायको म्हणाली.

मी करवत उचलली होती, ती ढब्बूने माझ्या हातातून काढून घेतली. अगदी प्रेमाने. दंड मात्र चार दिवस दुखत होता.

त्याने ते खोकं आणि उरलेल्या सगळ्या फळ्या काखेत मारल्या आणि कोपऱ्यावरच्या सुताराकडे नेल्या. त्या हसऱ्या सुताराकडेच! आता त्या खोक्याला दार आहे, कप्पा आहे, पितळी कडी आहे. सहा महिने ते ढब्बूकडे असतं आणि सहा महिने आमच्याकडे. ने-आण कोण करतं, ते विचारू नका. तीन जिने चढून जातो, तर बहीणभाऊ वर चहा पीत असतात आणि "भाऊजी, सांभाळून, कोपरा घासेल!" असं वरूनच सांगतात.

तुमचं आपसात बोलणं माझ्यामुळेच सुरू झालं, असं मी एकदा सुचवून पाहिलं. पुन्हा सुचवणार नाही.

स्पीकर सध्या दोन प्लॅस्टिकच्या बादल्यांत बसवलेत. आवाज वाईट नाही, खरंच सांगतो. फक्त सकाळी दहा ते बारा गाणी बंद ठेवावी लागतात. बायकोला धुणं भिजवायला बादल्या हव्या असतात.